फोन कोणी करायचा?

नेदरलँड्समधील मराठी मंडळांचे पदाधिकारी आणि मराठी शाळांचे शिक्षक यांना खुले पत्र



गणेशोत्सवाच्या तयारीच्या बैठका सुरू झाल्या की तुमच्यापुढं हॉलचं भाडं, ढोल-ताशा पथक, महाप्रसादाची ऑर्डर आणि 'मुलांचे कलागुणदर्शन' असे विषय असतात. त्या यादीत आणखी एक विषय घालावा, एवढ्याचसाठी हे पत्र आहे. विषय आहे सोशल अँक्झायटी डिसऑर्डर, म्हणजे सामाजिक भयविकार. अ‍ॅम्स्टलफेन, आइंडहोवन, द हेग, उट्रेख्त, कुठंही आपली शंभर माणसं जमली तर त्यांत हा विकार असलेली काही जण असणारच. आणि जी जमायलाच आली नाहीत, त्यांच्यात कदाचित जास्त. माझं म्हणणं एकच आहे. या देशात या विकारावर उपचार आहेत, विम्यात त्यांची सोय आहे. पण उपचाराच्या दारात जी पहिली गोष्ट करावी लागते, ती नेमकी याच आजाराच्या माणसाला जमत नाही: अनोळखी माणसाला फोन करून स्वतःबद्दल बोलणं. तो उंबरठा ओलांडून द्यायचं काम कोणाच्याच वाट्याला आलेलं नाही. ते मंडळांनी अंगावर घ्यावं, असं मला वाटतं. असं का वाटतं, ते जरा सविस्तर सांगतो.

आधी हा विकार कसा दिसतो ते पाहू. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला पंधरा-वीस जणी गोल बसल्या आहेत आणि उखाण्यांचा आग्रह चालू आहे. यातल्या एकीला हा विकार आहे. तिला उखाणा येत नाही असं अजिबात नाही. चार दिवसांपासून दोन पाठ करून ठेवलेत. पाळी येईपर्यंत शेजारची काय बोलते ते तिच्या कानात शिरत नाही, कारण मनात स्वतःची पहिली ओळ घोळत असते. आवाज कापू नये म्हणून ती घसा आवळून धरते, आणि आवळल्यामुळंच तो कापतो. वाटी हातात गच्च धरते, म्हणून हात थरथरतो. नाहीतर दोन जणी उरल्या की 'मी वाण आणते' म्हणून स्वयंपाकघरात जाते, आणि सगळ्यांना वाटतं, किती कामसू आहे. रात्री अंथरुणावर पडल्यावर तेच अर्धं मिनिट पुन्हा पुन्हा डोळ्यांपुढून जातं. पुढच्या वर्षी निरोप येतो, डोकं दुखतंय. डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञांनी १९९५ साली या विकाराची जी मांडणी केली, तिच्यात हे सगळे दुवे येतात: बाहेरचं लक्ष स्वतःवर वळणं, वेळ मारून नेण्याच्या बारीकसारीक युक्त्या, आणि नंतरची ती उजळणी. युक्तीमुळं वेळ निभावते खरी. पण 'युक्ती होती म्हणून वाचले' असंच मनात बसतं, आणि युक्तीशिवायही काही बिघडलं नसतं हे कधी कळतच नाही.

नेदरलँड्समध्ये अशा गोल बैठकांना तोटा नाही. डच घरातल्या वाढदिवसाला खुर्च्या गोलाकार मांडलेल्या असतात आणि नव्यानं येणाऱ्यानं एकेकाशी हात मिळवत, ज्याचा वाढदिवस आहे त्याच्या मावशीचंही अभिनंदन करत सगळं वर्तुळ पुरं करायचं असतं. प्राथमिक शाळेत मुलांना वर्गापुढं उभं राहून एखाद्या विषयावर बोलावं लागतं; त्याला स्प्रेकब्यूर्त म्हणतात, आणि घरोघरी त्याची आठवडाभर तयारी चालते. ऑफिसात शुक्रवारी संध्याकाळी बॉरल, हातात ग्लास घेऊन उभ्याउभ्या गप्पा. तो ग्लास काही जणांसाठी हळूहळू औषध होऊन बसतो; या विकाराबरोबर दारूचं व्यसन जडणं ही डॉक्टरांना जुनी ओळखीची जोडी आहे.

आता कोणी म्हणेल, लाजरी-बुजरी माणसं कुठं नसतात? असतात, आणि त्यांना रोगी ठरवायचं काही कारण नाही. अमेरिकेतल्या किशोरवयीन मुलांच्या मोठ्या राष्ट्रीय पाहणीत निम्म्याच्या जवळपास मुलांनी स्वतःला लाजाळू म्हटलं होतं. २०११ साली तिचं विश्लेषण प्रसिद्ध झालं, तेव्हा या लाजाळू मुलांपैकी जेमतेम १२ टक्के विकाराच्या व्याख्येत बसली. बाकीच्या ८८ टक्क्यांना कोणी डॉक्टरकडं नेऊ नये. व्याख्या तशी कडक आहे: भीती किमान सहा महिने टिकलेली हवी, प्रसंगाच्या मानानं अवाजवी हवी, आणि तिच्यामुळं शिक्षण, नोकरी, नातीगोती यांत खरंच अडथळा यायला हवा. बढती नाकारणारा, फोन वाजला की दुसऱ्या खोलीत जाणारा, डेमो द्यायचा म्हणून आजारपणाची रजा टाकणारा माणूस लाजाळू या शब्दात मावत नाही. हा विकार सुरू होतो लहानपणीच. अमेरिकेतल्या आकडेवारीत तीन चतुर्थांश रुग्णांची सुरुवात ८ ते १५ या वयात झालेली दिसते. आणि जे उपचाराला जातात, ते साधारण १५ ते २० वर्षांनी जातात. म्हणजे आज तुमच्या मराठी शाळेत मागच्या बाकावर बसणारी मुलगी डॉक्टरपर्यंत पोचेल तेव्हा तिशीला टेकलेली असेल.

नेदरलँड्समधली मोजदाद उट्रेख्तची ट्रिम्बोस संस्था करते. तिच्या 'नेमेसिस' नावाच्या पाहण्या झाल्या आहेत: पहिली १९९६ साली सुरू झाली, दुसरी २००७ ते २००९, तिसरी २०१९ ते २०२२. दुसऱ्या पाहणीत शंभरातल्या नऊ प्रौढांना आयुष्यात कधी ना कधी सामाजिक भयविकार झालेला आढळला. दुसरीपासून तिसरीपर्यंत, वर्षभरात कोणताही मानसिक विकार असलेल्यांचं प्रमाण १७ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर गेलं, आणि त्यात चिंतेचे विकार आघाडीवर आहेत. पण या आकड्यांत आपण आहोत का? पाहणी करणारे घरी येऊन मुलाखत घेतात, आणि ज्यांना पुरेशी डच येत नाही त्यांना पाहणीतून वगळलं जातं. आयटी किंवा चिपच्या कंपनीत इंग्रजीवर काम भागवणारा अभियंता आणि त्याच्याबरोबर आलेली त्याची बायको यांना कोणी विचारायलाच येत नाही. तेव्हा आपल्या समाजातलं प्रमाण किती, यावर कोणी छातीठोक बोलत असेल तर विश्वास ठेवू नका. नऊ टक्के हा शेजाऱ्यांचा आकडा आहे. आपल्याला दिशा दाखवायला तो पुरे.

परदेशात हा विकार लपतोही फार सोयीनं. पुण्यात किंवा नाशिकला असताना जी मुलगी कोणाकडं जात नव्हती, तिला आई विचारायची, 'अगं काय झालंय तुला?' इथं तसं विचारायची वेळच येत नाही, कारण उत्तर तयार असतं. डच येत नाही म्हणून बोलत नाही. थंडी आहे, अंधार लवकर पडतो, म्हणून बाहेर पडत नाही. कामाचा ताण आहे म्हणून मंडळात येत नाही. यातलं प्रत्येक कारण खरं असू शकतं, म्हणून तर ती उपयोगी पडतात. पण भाषेची अडचण आणि भीतीची अडचण वेगळी ओळखायला एक साधी खूण आहे. ज्याची अडचण भाषेची, तो मराठी माणसांत आला की सुटतो. जो मराठीतही दाराशीच घुटमळतो, त्याची अडचण व्याकरणाची नाही. ही खूण डच डॉक्टरला कधीच दिसणार नाही, कारण त्यानं त्या माणसाला मराठी बोलताना पाहिलेलंच नसतं. ती दिसते फक्त तुम्हाला.

दुसरं लपवणारं वाक्य म्हणजे 'उगाच मनाला लावून घेतोस'. त्यावर अ‍ॅम्स्टरडॅममध्ये झालेला एक प्रयोग सांगण्यासारखा आहे. मिलिका निकोलिच आणि सहकाऱ्यांनी किशोरवयीन मुलींना कराओकेवर गाणी म्हणायला लावली, तीही उंच पट्टीची, हमखास फजिती होणारी. नंतर मेंदूच्या स्कॅनरमध्ये त्यांना स्वतःचं आणि इतरांचं गाणं दाखवलं आणि गालाचं तापमान मोजलं. स्वतःचं गाणं पाहताना गाल अधिक तापले, यात नवल नाही. पण २०२४ साली निष्कर्ष छापून आले त्यांत एक गोष्ट अनपेक्षित होती: दुसरे काय विचार करत असतील याचा अंदाज बांधणारे मेंदूचे भाग त्या वेळी विशेष जागे झाले नव्हते. विचार मनाला लावून घेण्याच्या आधीच शरीर तापून मोकळं झालं होतं. त्या मुली रुग्ण नव्हत्या, त्यामुळं यावरून फार मोठी उडी मारू नये. पण 'विचार करू नकोस म्हणजे झालं' हा सल्ला किती कुचकामी आहे ते कळायला एवढं पुरे. याच देशातल्या आधीच्या संशोधनानं दाखवलं आहे की लाल होण्याची धास्ती असणाऱ्या बायका प्रत्यक्षात इतरांपेक्षा जास्त लाल होतातच असं नाही, आणि चूक झाल्यावर जो लाल होतो त्याच्याबद्दल लोकांचं मत उलट बरंच होतं. आपल्या सावळ्या गालांवर तर लाली दिसायचीही मारामार. पण कानशिलं तापलेली ज्याची त्याला कळतात, आणि आजार नेमका त्या कळण्यावर पोसतो.

आता त्या उंबरठ्याकडं येऊ. इथं मानसोपचाराचा रस्ता हाउसआर्ट्सपासून, म्हणजे आपल्या फॅमिली डॉक्टरपासून सुरू होतो. दवाखान्यात फोन केला की आधी सहायक विचारते, 'तक्रार काय आहे?' प्रश्न साधा, कामाचा. पण ज्याला आपण तक्रार करतोय हेच ओशाळवाणं वाटतं, तो इथं 'पोटात दुखतंय' म्हणतो. मग दहा मिनिटांची भेट मिळते, त्यात खरी गोष्ट नवव्या मिनिटाला ओठांवर येते आणि तिथंच राहते. बहुतेक दवाखान्यांत मानसिक तक्रारींसाठी स्वतंत्र साहाय्यक असतात. हाउसआर्ट्सला आणि त्यांना भेटायला विम्यातली 'ओन रिस्क', म्हणजे आधी स्वतःच्या खिशातून भरायची रक्कम, लागत नाही, हे आपल्यातल्या कित्येकांना माहीत नसतं. ती लागते पुढं, तज्ज्ञाकडं पाठवल्यावर, आणि २०१६ पासून वर्षाला ३८५ युरोंवर थांबलेली आहे. अठरा वर्षांखालच्या मुलांना ती नाहीच. त्यांच्या उपचाराची जबाबदारी २०१५ पासून खेमेन्टेकडं, म्हणजे नगरपालिकेकडं आहे. तज्ज्ञाकडं प्रतीक्षा मात्र लांब असते. ठरलेली कमाल मर्यादा १४ आठवड्यांची, आणि अनेक ठिकाणी ती पाळली जात नाही, ही डच वर्तमानपत्रांची नेहमीची बातमी आहे. म्हणूनच नाव लवकर नोंदवणं महत्त्वाचं, आणि नाव नोंदवायला तोच फोन.

मी हा फोन फार ताणतोय असं वाटेल, पण तसं नाही. ब्रिटनच्या 'नाइस' या संस्थेनं २०१३ साली या विकारासाठी डॉक्टरांना मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत उपचारांच्या आधी रुग्ण दारापर्यंत येईल कसा याचाच विचार केला आहे: हा उपचार होऊ शकणारा आजार आहे हे त्याला ठाऊक नसेल, तो याला स्वतःचा दोष समजत असेल, डॉक्टरशी बोलणंच त्याला नको वाटत असेल. म्हणून पत्र, ईमेल, मेसेज, ज्याला जे सोपं वाटेल त्यानं संपर्क करू द्यावा, गर्दी नसलेली वेळ द्यावी, कुठं बसून वाट पाहायची ते त्याला निवडू द्यावं, असं तिथं लिहिलं आहे. नेदरलँड्समध्येही अनेक दवाखान्यांच्या पोर्टलवर लेखी प्रश्न विचारता येतो, दुप्पट वेळेची भेट मागता येते, सोबत माणूस नेता येतं. सोय आहे, फक्त ती आपल्या माणसाला मराठीत कोणी सांगितलेली नाही.

यावर आक्षेप येतील. पहिला तुमच्याकडूनच: आम्ही मुलांना स्टेजवर चढवतो ते भीड चेपावी म्हणूनच ना? अल्बर्ट एलिसचं उदाहरणही कोणी देईल. विवेकनिष्ठ मानसोपचाराचा हा प्रणेता किशोर फडके आणि अंजली जोशी यांच्या लेखनामुळं मराठी वाचकाला घरचा झाला आहे. एकोणिसाव्या वर्षी त्यानं न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स बोटॅनिकल गार्डनमध्ये महिनाभर बाकावर एकट्या बसलेल्या शंभरेक अनोळखी मुलींशी मुद्दाम गप्पा मारल्या. एकही ओळख पुढं गेली नाही, पण आभाळ कोसळलं नाही हे त्याला कळलं. आक्षेपात अर्धं सत्य आहे, आणि ते अर्धं महत्त्वाचं आहे. भीतीला सामोरं जाणं हाच उपचाराचा गाभा आहे. अ‍ॅम्स्टरडॅममध्येच २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत आभासी माणसांतला सराव आणि खऱ्या माणसांतला सराव यांची तुलना झाली; दोन्हींनी फायदा झाला, खऱ्या माणसांतल्या सरावानं जास्त. म्हणजे माणसं टाळून हा विकार बरा होत नाही. पण एलिस स्वतःच्या पायानं बागेत गेला होता, रोज जात होता, आणि काय तपासायचं ते त्यानं स्वतः ठरवलं होतं. वर्षातून एकदा, भरजरी कपड्यांत, शंभर मोबाइल रोखलेल्या हॉलमध्ये सहा वर्षांच्या मुलाच्या पाठीवर हात ठेवून 'म्हण ना रे, घरी तर किती छान म्हणतोस' असं चारचौघांत म्हणणं हा सराव नाही. तो रडला की सगळे कौतुकानं हसतात, आणि त्याच्यापुरता निकाल लागतो. पाण्यात ढकललेलं पोर पोहायला शिकतंच असं नाही, पाण्याजवळ जायचं सोडतं मात्र नक्की. पायऱ्या असल्या पाहिजेत: आधी माइक धरून देणं, मग घोळक्यात गाणं, मग दोघांत एक ओळ, मग एकट्यानं, आणि दर पायरीला त्याचा होकार. 'नाही' म्हटलं तर यंदा नाही, पण पुढच्या महिन्यात शाळेच्या छोट्या वर्गात काय करशील, हा प्रश्न मात्र सोडायचा नाही. सरसकट सूट देणंही घातकच.

दुसरा आक्षेप अभ्यासू लोकांचा: हा आजार औषध कंपन्यांनी विकला. १९९९ साली अमेरिकेत पॅरोक्सेटिनला या विकारासाठी मान्यता मिळाली आणि माणसांचीच अ‍ॅलर्जी झाल्यासारखं चित्र रंगवणाऱ्या जाहिराती झळकल्या, हे खरं आहे. ख्रिस्तोफर लेन यांनी २००७ मध्ये यावर टीकेचं अख्खं पुस्तक लिहिलं, आणि ती टीका सगळी फोल नाही. पण लंडनचे आयझॅक मार्क्स आणि मायकल गेल्डर यांनी हा भयविकार वेगळा ओळखला १९६६ साली. अमेरिकन मनोविकारांच्या सूचीत तो आला १९८० साली. ती औषधं बाजारात यायच्या आधी. आजही प्रौढांसाठी 'नाइस'ची पहिली शिफारस गोळी नाही, बोधात्मक वर्तनोपचार आहे. औषधं त्यानंतर, किंवा ज्याला ती हवीत त्याला. मास्ट्रिख्तला सुझान ब्योखल्स आणि सहकाऱ्यांनी विकसित केलेल्या पद्धतीत तर रुग्णाला स्वतःवरचं लक्ष काढून समोरच्या कामावर, समोरच्याच्या बोलण्यावर टिकवायचं शिकवतात. यात कोणाचीही गोळी खपत नाही.

तिसरा आक्षेप नोकरी आणि व्हिसाच्या भीतीचा; तो खासगीत सांगितला जातो, उघड कोणी बोलत नाही. कंपनीला कळलं तर? डॉक्टर गोपनीयतेला बांधील आहे, आणि रजेचं वैद्यकीय कारण विचारायचा मालकाला डच कायद्यानं अधिकार नाही. एवढं मंडळाच्या व्यासपीठावरून एकदा स्पष्ट सांगितलं तरी बऱ्याच जणांची झोप परत येईल.

राहता राहिलं 'मंडळ म्हणजे दवाखाना नव्हे'. नकोच आहे दवाखाना. निदान करू नका, समुपदेशक बनू नका, आणि कृपा करून 'जागृतीपर व्याख्यान' तर ठेवूच नका. ज्यांच्यासाठी ते असेल ते त्या दिवशी घरी असतील. जे करता येईल ते बैठकीतल्या एका ठरावाएवढं आहे. कार्यक्रमपत्रिका तर तुम्ही छापताच; तिची मागची बाजू या विषयाला द्या. वर चार ओळींत विकाराची लक्षणं मराठीत. खाली हाउसआर्ट्सला पाठवायचा तीन वाक्यांचा मजकूर, डचमध्ये आणि इंग्रजीत, नुसता उतरवून पोर्टलवर टाकता येईल असा: मला लोकांत वावरताना तीव्र भीती वाटते, सहा महिन्यांहून जास्त झाले, फोनवर बोलणं मला अवघड जातं म्हणून लिहून कळवत आहे, कृपया दुप्पट वेळेची भेट द्यावी. मजकूर मंडळातल्या एखाद्या मराठी डॉक्टरकडून तपासून घ्या. त्याखाली एका स्वयंसेवकाचा नंबर, ज्याला मेसेज केला तर तो पहिल्या भेटीला सोबत येईल. पहिल्याच, दुसरीला नाही, कारण कायमची सोबत हीही एक युक्तीच होऊन बसते. पत्रिका हॉलमध्ये वाटून भागणार नाही. जे आले नाहीत त्यांच्या पत्त्यांवर ती टपालानं पाठवावी लागेल, आणि त्याचा खर्च ढोल-ताशाच्या खर्चात कुठंच दिसणार नाही.

मराठी शाळांच्या शिक्षकांना आणखी एक. वर्षअखेरीच्या स्नेहसंमेलनात पडदा ओढणारी, प्रॉम्प्टिंग करणारी, दिवे सांभाळणारी मुलं कोण, त्यांची नावं यंदा लिहून ठेवा. पुढच्या वर्षी तीच मुलं तिथंच असतील, तर त्यांच्या आईबाबांना बाजूला घेऊन, मुलाच्या देखत नव्हे, ती पत्रिका द्या.